खेळाडूबद्दलची बातमी वाचताना काय काय तपासायचं

आपल्यापैकी बहुतेकांनी एकाही मोठ्या खेळाडूशी आयुष्यात दोन शब्द बोललेले नसतात. तरी अमुक गर्विष्ठ आहे, तमका फक्त पैशासाठी खेळतो, ह्याला टीमची पडलेली नाही, तिला प्रेशर झेपत नाही अशी ठाम मतं आपल्याकडे तयार असतात आणि त्यावरून कट्ट्यावर भांडायचीही तयारी असते. ही मतं येतात कुठून तर टीव्ही, पेपर, यूट्यूब, रील्स आणि फॅमिली ग्रुपवरचे फॉरवर्ड. आता यात गैर असं काही नाही, दुसरीकडून कळणार तरी कसं, पण ते मत आपल्या डोक्यात नक्की कसं तयार होतं हे एकदा कळलं की बातमी वाचायची पद्धतच बदलते. म्हणून हे लिहितोय. क्रमाने केलंच पाहिजे असं काही नाही, जमेल तेवढं करा, पण करा.

आधी एक केस पूर्ण बघू, कारण हिच्यात जवळजवळ सगळंच सापडतं.

हार्दिक पंड्या. १९ ऑक्टोबर २०२३ ला पुण्यात, गहुंजेच्या ग्राउंडवर वर्ल्ड कपची बांगलादेशविरुद्धची मॅच चालू असताना स्वतःच्याच बोलिंगवर पायाने बॉल अडवायला गेला, घोटा दुखावला आणि त्याचा वर्ल्ड कप तिथेच संपला. नोव्हेंबरमध्ये तो गुजरात टायटन्स सोडून मुंबई इंडियन्समध्ये परत आला आणि १५ डिसेंबरला फ्रँचायझीने जाहीर केलं की रोहितच्या जागी आता हार्दिक कॅप्टन. रोहितने पाच ट्रॉफ्या जिंकून दिलेल्या, तो मुंबईचा स्वतःचा माणूस, त्यामुळे लोक चिडले हे मी समजू शकतो. पण निर्णय कोणी घेतला? फ्रँचायझीने. राग कोणावर निघाला? हार्दिकवर. कारण फ्रँचायझीला चेहरा नसतो, थंबनेलवर लावायला चेहरा लागतो, आणि मग दोन चेहरे समोरासमोर लावले की लोक क्लिक करतात.

पुढे सीझन चालू झाला. २४ मार्चला अहमदाबादला हार्दिकने रोहितला बाउंड्रीवर फील्डिंगला पाठवलं, क्रिकेटमध्ये कॅप्टन हे दर ओव्हरला कोणाला तरी करायला लावतो, पण त्या दहा-बारा सेकंदांची क्लिप झाली आणि ‘बघा सिनियरला कसं वागवतो’ म्हणून देशभर फिरली. १ एप्रिलला वानखेडेवर टॉसच्या वेळी स्वतःच्याच होम क्राउडने त्याची इतकी हुर्यो उडवली की माइक हातात असलेल्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना ‘बिहेव’ असं म्हणावं लागलं. मुंबई १४ पैकी ४ मॅच जिंकून तळाला, दहाव्या नंबरवर राहिली.

आणि मग २९ जून, बार्बाडोस, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल. दक्षिण आफ्रिकेला ३० बॉलमध्ये ३० रन्स हवे होते, हातात ६ विकेट्स, म्हणजे मॅच गेल्यातच जमा. सतराव्या ओव्हरच्या पहिल्या बॉलवर हार्दिकने क्लासेनला काढलं. शेवटच्या ओव्हरला १६ हवे होते, बॉल पुन्हा हार्दिकच्या हातात, पहिल्याच बॉलवर मिलरचा सूर्यकुमारने बाउंड्रीवर तो कॅच घेतला. भारत ७ रन्सनी जिंकला, हार्दिक ३ ओव्हरमध्ये २० रन्स देऊन ३ विकेट्स, आणि तो तिथेच ग्राउंडवर रडला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून बस निघाली, वानखेडे भरलेलं, आणि त्याच स्टँड्समधून हार्दिकच्या नावाचा गजर.

तीन महिने. एवढ्या काळात माणसाचा स्वभाव बदलत नाही हो. बदलली ती त्याच्याबद्दल सांगितली जाणारी गोष्ट. एप्रिलमध्ये गोष्ट ठरलेली होती ‘उद्धट हार्दिक’, मग तो हसला तरी उद्धट, नाही हसला तरी उद्धट. जुलैमध्ये गोष्ट ठरली ‘सोसून परत आलेला हार्दिक’, मग तोच चेहरा आता सोशिक दिसायला लागला. गोष्ट आधी ठरते आणि घटना नंतर तिच्यात बसवल्या जातात, ही एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा, बाकी सगळं त्याच्यातूनच निघतं.

आता करायचं काय ते बघू.

घडलं काय आणि सांगितलं काय, हे वेगळं करा

कागद घ्या, मोबाईलचं नोट्स अॅप उघडा, काहीही. डाव्या बाजूला फक्त ते लिहायचं जे कॅमेऱ्यात दिसलं किंवा स्कोअरकार्डवर आहे. उजव्या बाजूला विशेषणं, अंदाज, ‘असं समजतं’, ‘नाराज असल्याची चर्चा’ वगैरे. पहिल्यांदा केलंत तर दचकाल, कारण बऱ्याच बातम्यांमध्ये डावी बाजू एका ओळीत संपते.

अर्शदीप सिंगचं उदाहरण घेऊ. ४ सप्टेंबर २०२२, दुबई, एशिया कपची पाकिस्तानविरुद्धची मॅच. अठराव्या ओव्हरमध्ये रवी बिश्नोईच्या बोलिंगवर आसिफ अलीचा कॅच अर्शदीपकडून सुटला. सोपा होता, सुटला, हे डाव्या बाजूला लिहा. आता पुढे वाचा: एकोणिसाव्या ओव्हरमध्ये, जी भुवनेश्वरने टाकली, १९ रन्स गेले. शेवटच्या ओव्हरला फक्त ७ वाचवायचे होते, ती अर्शदीपला दिली, आणि २३ वर्षांच्या त्या पोराने ती मॅच शेवटून दुसऱ्या बॉलपर्यंत खेचली. हे पण डाव्या बाजूलाच. पण रात्री ट्रेंड काय झालं? फक्त कॅच. आणि तेवढ्यावर थांबलं नाही, त्याच्या विकिपीडिया पानावर कोणीतरी खलिस्तानचं नाव घुसवलं, प्रकरण इतकं गेलं की केंद्र सरकारच्या आयटी मंत्रालयाला त्यात पडावं लागलं. एका सुटलेल्या कॅचवरून.

हाच अर्शदीप २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये १७ विकेट्स घेऊन संयुक्तपणे सगळ्यात जास्त विकेट्स घेणारा बोलर ठरला. फायनलला २ ओव्हरमध्ये २० हवे असताना एकोणिसावी ओव्हर त्याने टाकली आणि फक्त ४ रन्स दिले. हार्दिकला १६ वाचवायला मिळाले ते त्याच्यामुळे. ही ओव्हर किती जणांना आठवते? सुटलेला कॅच मात्र सगळ्यांना आठवतो, कारण तो आपल्याला शंभर वेळा दाखवला गेला.

स्कोअरकार्ड पूर्ण उघडा

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि तरी कोणी करत नाही. २४ ऑक्टोबर २०२१, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप, पाकिस्तानकडून भारत हरला आणि रात्रीपासून मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून शिव्या चालू. ३.५ ओव्हरमध्ये ४३ रन्स दिले, हो, महाग पडला. पण त्या मॅचमध्ये भारत १० विकेट्सनी हरला होता! म्हणजे आपल्या एकाही बोलरला एकही विकेट मिळाली नव्हती. हे पूर्ण स्कोअरकार्ड समोर असताना एकट्या शमीचं नाव काढायचं असेल तर त्याला क्रिकेटबाहेरचं कारण लागतं, आणि ते कारण काय होतं हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. विराटने त्यानंतर प्रेस कॉन्फरन्समध्ये उघडपणे शमीची बाजू घेतली, त्याबद्दल मला त्याचं कायम कौतुक वाटेल. दोन वर्षांनी वर्ल्ड कपमध्ये शमीने ७ मॅचमध्ये २४ विकेट्स काढल्या, वानखेडेवरच्या सेमीफायनलला ५७ रन्समध्ये ७.

तर नियम असा, कोणा एकामुळे हरलो असं वाचलं की आधी बाकीच्या दहा जणांचं बघायचं.

हेडलाइनमधलं क्रियापद पकडा

मराठी स्पोर्ट्सच्या बातम्या रोज वाचत असाल तर हे शब्द तोंडपाठ असतील: ‘भडकला’, ‘सुनावलं’, ‘मौन सोडलं’, ‘पत्ता कट’, ‘डच्चू’, ‘हकालपट्टी’, ‘मोठा गौप्यस्फोट’, ‘नेमकं काय घडलं?’. यातला प्रत्येक शब्द मत आहे, माहिती नाही. सिलेक्टर्सनी टीम जाहीर केली, एकाचं नाव नाही. लाडका असेल तर ‘विश्रांती’, नसेल तर ‘डच्चू’. ‘मौन सोडलं’ तर कहर आहे, तो माणूस गप्प होता असं कोणी सांगितलं, त्याला आजच विचारलं, त्याने आजच उत्तर दिलं, एवढंच.

करायचं काय तर हेडलाइन स्वतःच्या शब्दात साधी करून लिहायची. ‘अमुकने तमक्यावर साधला निशाणा’ हे साधं केलं की बहुतेक वेळा ‘अमुक म्हणाला की टीमने अजून २० रन्स करायला हवे होते’ असं निघतं. साधं केल्यावर बातमीत काहीच उरलं नाही तर ती बातमी नव्हतीच, पुढे चला.

आणि शेवटी प्रश्नचिन्ह असलेली हेडलाइन, ‘रोहित निवृत्त होणार?’ टाइपची, ती उघडूच नका. माहिती असती तर प्रश्नचिन्ह लावलं नसतं.

प्रश्न काय विचारला होता ते शोधा

मला विचाराल तर हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात कमी लोक करतात. खेळाडू स्वतःहून फार कमी बोलतात. मॅच संपते, अंगावर घाम असतो, समोर माइक येतो, प्रश्न येतो, उत्तर जातं. बातमी बनताना प्रश्न गळून पडतो आणि उत्तर असं छापतात जणू तो सकाळी उठून हेच बोलायला निघाला होता. ‘ज्युनियरबद्दल काय वाटतं’ असं तीन वेळा खोदून विचारायचं, तिसऱ्यांदा तो वैतागून काहीतरी बोलला की ‘सिनियर-ज्युनियर वाद’ तयार.

बऱ्याच प्रेस कॉन्फरन्सचे पूर्ण व्हिडिओ आता यूट्यूबवर मिळतात. वाद पेटलेला दिसला की पूर्ण व्हिडिओ शोधा, ते वाक्य कुठे आहे तिथे जा आणि तिथून एक मिनिट मागे जाऊन ऐका. फक्त एक मिनिट. बरेच वाद तिथेच विझतात.

प्रश्नातच किती काय दडलेलं असतं याचं चांगलं उदाहरण म्हणजे मिताली राज. २०१७ च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर तिला विचारलं गेलं की तुझा आवडता पुरुष क्रिकेटर कोण. तिने उलट विचारलं की हाच प्रश्न तुम्ही पुरुष क्रिकेटरला विचारता का, त्यांची आवडती महिला क्रिकेटर कोण म्हणून? तिथे प्रश्नच बातमी झाला आणि बरं झालं. टेनिसमध्ये नाओमी ओसाकाने २०२१ च्या फ्रेंच ओपनला मानसिक त्रास होतो म्हणून प्रेस कॉन्फरन्सला जाणार नाही असं सांगितलं, तिला १५ हजार डॉलरचा दंड झाला, मग तिने स्पर्धाच सोडली. त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलं. पत्रकारांचं म्हणणंही मला पूर्ण खोटं वाटत नाही, खेळाडूला प्रश्न विचारायची जागा राहिली नाही तर उरेल फक्त त्याच्या टीमने पॉलिश करून टाकलेली इन्स्टा पोस्ट. पण एखाद्या हरलेल्या मुलीला हरल्यानंतर दहा मिनिटांत ‘तुला क्लेवर (मातीच्या कोर्टवर) खेळता येत नाही का’ हे पुन्हा पुन्हा विचारून नक्की काय कळणार होतं हेही विचारायला पाहिजे ना.

सांगतोय कोण

‘सूत्रांच्या माहितीनुसार’ वाचलं की स्वतःला विचारा, ही माहिती बाहेर आल्याने फायदा कोणाला? सूत्र म्हणजे कोणीतरी माणूसच असतो, बोर्डातला, फ्रँचायझीतला, खेळाडूच्या एजंटच्या ऑफिसमधला. सगळी सूत्रं खोटी नसतात, खूप चांगल्या बातम्या अशाच मिळतात, पण फायदा कोणाचा हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या गिळू नका.

दुसरं, ज्या चॅनलने मॅचचे हक्क विकत घेतलेत त्याला ती मॅच विकायची असते. म्हणून मॅचआधी आठवडाभर दोन खेळाडूंना एकमेकांचे वैरी असल्यासारखे प्रोमो चालतात. प्रत्यक्षात ते दोघं रात्री एकत्र जेवत असतील. प्रोमो ही जाहिरात आहे, बातमी नाही.

तिसरं, दहा ठिकाणी तेच वाचलं म्हणजे दहा जणांनी तपासलं असं नाही. वृत्तसंस्थेची एक कॉपी येते, ती भाषांतर होऊन सगळीकडे लागते, मग त्यावरून यूट्यूबवाले व्हिडिओ करतात, त्यावरून रील. मुळाशी एकच माणूस असतो. तारीख आणि पहिला स्रोत शोधा, एवढं पुरतं. आणि फोटोवर मोठ्या अक्षरात खेळाडूचं वाक्य, खाली कुठे, कधी, कोणाशी बोलताना काहीच नाही, अशी कार्डं तर सरळ डिलीट करा. माझ्या स्वतःच्या फॅमिली ग्रुपवर एकाच आठवड्यात एकाच क्रिकेटरची दोन एकदम उलट ‘वाक्यं’ आली होती आणि दोन्हीला बदामाचे इमोजी पडले होते.

तुलना त्याची त्याच्याशीच करा

ऑलिम्पिकमध्ये हे फार जाणवतं. चार वर्षं ज्या खेळाकडे ढुंकून बघितलं नाही त्यातला माणूस फायनलला अकरावा आला की ‘निराशा’, ‘पदकाचं स्वप्न भंगलं’.

आपला अविनाश साबळे बघा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, आर्मीतला. ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायची शर्यत. पॅरिसला फायनलमध्ये अकरावा आला. आता हे वाचून काय वाटतं? काही नाही, अजून एक हरला. पण त्याआधी भारताचा एकही पुरुष या इव्हेंटच्या ऑलिम्पिक फायनलपर्यंतच पोहोचला नव्हता, हे पुढे जोडलं की? त्याच्या महिनाभर आधी पॅरिसलाच डायमंड लीगमध्ये त्याने ८:०९.९१ मध्ये पळून स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला होता. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये केनियाच्या अब्राहम किबिवोतच्या मागे फक्त ०.०५ सेकंदाने त्याचं गोल्ड हुकलं, अशा इव्हेंटमध्ये जिथे कित्येक कॉमनवेल्थ तिन्ही पदकं केनियाचीच असायची. डोळ्याची पापणी लवते तेवढंही अंतर नाही ते. एवढं कळल्यावर तुम्ही अकरावा हा आकडा तसाच वाचाल का?

म्हणून क्रिकेट सोडून दुसऱ्या कुठल्याही खेळाची बातमी आली की तीन गोष्टी शोधा: त्याचा स्वतःचा बेस्ट काय, आधी भारताचं तिथे कोण पोहोचलं होतं, आणि पहिल्या आलेल्यात आणि त्याच्यात अंतर किती. पॅरिसला आपल्याला ६ पदकं मिळाली आणि जवळजवळ तितक्याच इव्हेंटमध्ये आपण चौथे आलो. ‘चौथा’ आणि ‘तिसरा’ यात खेळाचं अंतर केसाएवढं, पण बातमीतलं अंतर एवढं की एकाला विमानतळावर ढोल-ताशे आणि दुसऱ्याला रिक्षा.

चांगल्या बातमीलाही हीच चाळणी लावा

लोकांना वाटतं फक्त ट्रोलिंगच वाईट. नाही, कौतुकाची गोष्टसुद्धा माणसाला चौकटीत कोंबते.

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्रॉन्झ जिंकलं. या इव्हेंटमधलं भारताचं पहिलं ऑलिम्पिक पदक, आणि महाराष्ट्रातल्या माणसाचं वैयक्तिक पदक ७२ वर्षांनी, १९५२ ला खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला मिळवलं त्यानंतर. बातमी काय झाली? ‘धोनीसारखाच रेल्वेत टीसी!’ आता ते खरं आहे, रेल्वेत नोकरी आहे, धोनी त्याला आवडतो. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात चित्र काय राहिलं, तर दिवसभर तिकीटं तपासून संध्याकाळी बंदूक चालवणारा पोरगा. ज्या माणसाने कित्येक वर्षं फक्त शूटिंगच केलं, त्या फायनलमध्ये गुडघ्यावर आणि झोपून अशा दोन पोझिशनमध्ये मागे असताना उभ्याने वर सरकत सरकत ४५१.४ वर तिसरा नंबर खेचून आणला, ते कसं केलं हे किती बातम्यांमध्ये होतं? उभ्याने शूटिंग ही त्यातली सगळ्यात अवघड पोझिशन, आधाराला काही नाही, हृदयाचा ठोकासुद्धा नळीला जाणवतो. ही खरी बातमी होती. टीसीची गोष्ट सोपी होती म्हणून ती पुढे गेली.

विनोद कांबळीचं तर आयुष्यच एका साच्यात अडकलं. ‘सचिनपेक्षा जास्त टॅलेंट, पण वाया घालवलं’. तीस वर्षं हेच. एकदा रेकॉर्ड उघडून बघा, १७ टेस्ट, १०८४ रन्स, ५४.२० चा अॅव्हरेज, लागोपाठच्या टेस्टमध्ये दोन डबल सेंच्युरी, आणि शेवटची टेस्ट १९९५ ला वयाच्या २३ व्या वर्षी. ५४ च्या अॅव्हरेजवर २३ व्या वर्षी टेस्ट करिअर कसं संपलं हा खरं तर केवढा मोठा प्रश्न आहे, त्यात त्याचं स्वतःचं वागणं असेल, शॉर्ट बॉलसमोरची अडचण असेल, सिलेक्शन असेल, सगळं असेल, पण ‘वाया घालवलं’ म्हटलं की प्रश्नच संपतो. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कला त्याचे आणि सचिनचे कोच आचरेकर सर यांच्या स्मारकाच्या कार्यक्रमातली त्याची काही सेकंदांची क्लिप फिरली, आणि ती बघून ज्यांनी त्याला एकदाही खेळताना बघितलं नाही त्या पोरांनी त्याच्या तब्येतीवर आणि चारित्र्यावर निकाल दिले. मला ते बघवलं नाही. आजारी माणसाची क्लिप फॉरवर्ड करू नका, तो कितीही फेमस असला तरी.

नाव बदलून वाचा

हे ट्रिक म्हणून फार कामाचं आहे. बातमी तशीच ठेवायची, फक्त नाव बदलायचं. बाईच्या जागी पुरुष, मुस्लिम नावाच्या जागी हिंदू, नवख्याच्या जागी तुमचा लाडका स्टार. वाक्य विचित्र वाटलं तर ते पहिल्यापासूनच विचित्र होतं.

२०१५ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला सिडनीत ऑस्ट्रेलियाने ३२८ केले, आपण ९५ रन्सनी हरलो, विराट १ वर आउट झाला आणि दोष कोणाला, स्टँडमध्ये बसलेल्या अनुष्का शर्माला. आता नाव बदला: एखादी महिला क्रिकेटर लवकर आउट झाली म्हणून तिच्या नवऱ्याला पनवती म्हटलेलं कधी वाचलंय? विराटने पुढच्या वर्षी यावर जाहीरपणे लोकांना लाज वाटली पाहिजे असं सुनावलं, आणि इथे ‘सुनावलं’ हा शब्द बरोबर आहे.

दोन दिवस थांबा

७ ऑगस्ट २०२४ ची सकाळ आठवा. विनेश फोगाट, आदल्या दिवशी युई सुसाकीला हरवलेलं, जी आंतरराष्ट्रीय कुस्तीत कोणाकडून हरली नव्हती, फायनल पक्की, आणि अचानक १०० ग्रॅम वजन जास्त म्हणून बाहेर. तासाभरात देशात दोन गट पडले. एक म्हणे कट आहे, दुसरा म्हणे हिचाच हलगर्जीपणा. दोघांनाही नियम माहीत नव्हता, की वजन दोन्ही दिवशी सकाळी होतं आणि दुसऱ्या दिवशी चुकलात तर फक्त फायनल जात नाही, तुम्हाला थेट शेवटचा नंबर देतात. ती आधी ५३ किलोत खेळायची, ५० मध्ये उतरली होती, रात्रभर घाम काढला, केस कापले. हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नीट लिहून आलं, पण तोपर्यंत लोकांनी मतं बनवून स्टेटसला लावली होती. ज्या गावात कुस्तीची तालीम आहे तिथल्या कोणत्याही वस्तादाला विचारलं असतं तर वजन काढणं म्हणजे काय हे त्याने पाच मिनिटांत समजावलं असतं.

२०२५ चा महिला क्रिकेट वर्ल्ड कपही तसाच. भारत लागोपाठ तीन मॅच हरला, कॅप्टन हरमनप्रीतला काढा, ह्यांना प्रेशर झेपत नाही वगैरे चालू झालं. इंग्लंडविरुद्ध बाहेर बसवलेल्या जेमिमा रॉड्रिग्जने सेमीफायनलला ऑस्ट्रेलियासमोर ३३९ चा पाठलाग करताना नाबाद १२७ केले आणि नंतर माइकवर स्वतःच सांगितलं की या स्पर्धेत ती जवळजवळ रोज रडलीय. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर ट्रॉफी. तीन हरलेल्या मॅचच्या आठवड्यात ज्यांनी लिहिलं त्यांनी नंतर ‘विश्वास होताच’ असंही लिहिलं. स्क्रीनशॉट काढून ठेवत जा, भांडायला नाही, कोणाचं वाचायचं आणि कोणाचं नाही हे ठरवायला.

जे छापलंच जात नाही तेही शोधा

मत फक्त बातमीने बनत नाही, बातमी नसल्यानेही बनतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, भारताच्या दोन्ही टीम जिंकल्या, दोन्ही फायनल नेपाळविरुद्ध. महिलांची कॅप्टन प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. ज्या शाळेत आपण सगळे खो-खो खेळलो तिथल्या मुलांना ही दोन नावं विचारा. खाशाबांचंही तेच, देशाला स्वतंत्र झाल्यावरचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणून देणारा माणूस, अर्जुन पुरस्कार मिळाला तो गेल्यानंतर.

तर रोज क्रिकेटच्या पाच बातम्या वाचत असाल तर एक दुसऱ्या खेळाची मुद्दाम शोधून वाचा, आणि ती शेअर करा, कारण कुठल्या बातम्या चालतात हे बघूनच उद्या काय छापायचं ते ठरतं. आपला क्लिक म्हणजे आपलं मतदान आहे.

शेवटचं, ज्यांची पोरं जिल्हा-राज्य लेव्हलला खेळतात त्यांच्यासाठी. हल्ली चौदा वर्षांच्या मुलाच्याही रील्स निघतात, स्थानिक यूट्यूब चॅनल ‘भावी सचिन’ म्हणून मोकळे होतात. पत्रकार आला तर मुलाला एकट्याला बोलू देऊ नका, कोच किंवा तुम्ही बाजूला बसा. घरची गरिबी, वडिलांचं काम, कर्ज यातलं काय सांगायचं आणि काय नाही हे आधी घरात ठरवा, कारण छापून आलेलं मागे घेता येत नाही आणि वर्गातली मुलं पण पेपर वाचतात. बातमी आली तर कात्रण काढून वहीत चिकटवा, खाली त्या दिवसाचा त्याचा खरा टायमिंग किंवा स्कोअर लिहा. कमेंट्स मुलाच्या फोनवर बंद ठेवा, कौतुकाच्या असल्या तरी. आणि मॅचच्या आदल्या रात्री त्याच्याबद्दल काय छापून आलंय ते त्याला दाखवू नका, ते सोमवारी दाखवलं तरी चालतं.